शिकंज्यात

ओर्ला देविन बाई इथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात.
परवा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक वही घेऊन आल्या
गुदैबियातल्या माझ्या दुकानी,
जिथे कुराणाच्या प्रती, ठेकेदारांची लेजरं
आणि मल्याळी नर्सबाईंची बायबलं
मी एकाच खळीने बांधतो.
म्हणाल्या, मिस्टर रेडीज, हिचा कणा मोडलाय.

मोडलेलाच होता. शिवण सुटलेली, कडांना कसर.
कागदाला लागते तीही कसर
आणि माणूस पोटाला चिमटा काढून करतो तीही कसरच,
हे बाईंना इंग्रजीत सांगायला मला जमलं नाही.

वही त्यांच्या खापरपणज्याच्याही मागच्या कुणाची.
फेलिम देविन. सतराशे चौऱ्याहत्तरला
खंड थकला म्हणून आयर्लंड सोडलं.
तिकिटाला पैसे नव्हते, स्वतःलाच गहाण टाकून
फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरला,
तिथे एका गिरणीवाल्याने त्याचे दात बघून
चार वर्षांसाठी विकत घेतला.
बाई वाचत होत्या, मी पानं सोडवत होतो.
चार वर्षं, असं आलं तिथे माझी सुरी थांबली.
मी दोन वर्षांच्या करारावर आलेलो. बावीस झाली.
पहिली नऊ माझा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत होता.
दात मात्र कोणी बघितले नव्हते,
फुप्फुसाचा एक्स-रे काढला होता.

जुन्या अक्षरातला एस एफसारखा दिसतो.
बाई अडखळायच्या, हसायच्या, पुढे जायच्या.
मीठ, दोन शेर. कुऱ्हाडीला दांडा.
जोडे नाहीत.
मग एका ओळीत, मिठाच्याच शाईने जणू:
राजा गेला म्हणतात. गिरणीवाला तोच.

पुढे तोही लढायला गेला. पगार कागदी नोटांत,
त्या नोटांत शेवटी त्याने बंदुकीची दारू बांधली.
नंतर नदीच्या वळणावर थोडी जमीन.
पहिल्याच नांगरटीला फाळ खणकन वाजला.
दगड. मधे खोलगट, हाताने घासून गुळगुळीत.
दाराशी पायरी केली. आता घर.

बाईंनी पान उलटलं.
मी म्हटलं, थांबा. हा दगड मला माहीत आहे.

आमच्या आईचा पाटा असाच मधे खचलेला.
एका बाईच्या आयुष्यात एवढा खड्डा पडत नाही,
तिच्या सासूचे हात लागतात, सासूच्या सासूचे.
त्या नदीच्या वळणावर कोण वाटत बसायची,
पाटा टाकून जाण्याइतकी घाई तिला कसली झाली,
वहीत नाही. खिळ्यांचा हिशेब आहे,
डुकराच्या चरबीचा आहे,
ती ना जमेत, ना खर्चात.

बाई बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, हे पान जरा जास्त घट्ट शिवा.
घट्ट म्हणजे उघडू नये असं का,
मी विचारलं नाही.

मला इथे वीतभर जमीन घेता येत नाही.
दुकान युसुफच्या नावावर, खोली भाड्याची,
पायरी सिमेंटची. तिच्याखाली कुणी नाही,
असं रात्री शटर ओढताना वाटलं,
आणि लगेच त्या गवंड्याची आठवण झाली,
तेलंगणातला, ऑगस्टमध्ये पडलेला.

खेर्डीहून सुमनचा फोन होता.
पोचलात?
हो, आत्ताच घरी आलो, म्हणालो.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
मग ती म्हणाली, कुठल्या?

वही शिकंज्यात आहे.
खळ वाळेपर्यंत उघडायची नसते.